‘ऑनेस्ट’ म्हणजे दर वेळी प्रामाणिकच का?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात नायक हॅम्लेट आपल्या प्रेयसीला, ऑफेलियाला, ‘तू ऑनेस्ट आहेस का?’ असे विचारतो, तिथे मी अडखळले. त्याच्याच ‘ऑथेल्लो’मध्ये तर हा शब्द पदोपदी भेटतो. सगळीकडे ‘प्रामाणिक’ हा अर्थ घेऊन चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि आपण अडखळलात ती जागा अगदी योग्य आहे. या शब्दाचे मूळ मान-प्रतिष्ठेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ज्या समाजात पुरुषाची अब्रू त्याच्या शब्दावर आणि स्त्रीची तिच्या शीलावर तोलली जात असे, तिथे एकच विशेषण पुरुषाला लावले की ‘सच्चा, विश्वासू’ आणि स्त्रीला लावले की बहुधा ‘शीलवती’ असा अर्थ देऊ लागले. हॅम्लेट लगेच ‘तू सुंदर आहेस का?’ असेही विचारतो, कारण रूप आणि शील एकत्र नांदत नाहीत, हा त्याचा रोख आहे. डेकर आणि मिडल्टन यांच्या 1604 मधील नाटकाचे ‘द ऑनेस्ट होर’ हे नावही ‘प्रामाणिक वेश्या’ असे वाचले, तर त्यातला मूळ विरोधाभासच हरवतो.

‘ऑथेल्लो’त आणखी एक छटा आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला ‘भला माणूस’ म्हणावे, तसा हा शब्द सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालच्या कपटी इयागोला सतत लावला जातो. त्यात विश्वास आहे, पण बरोबरीचा मान नाही. बढती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळाली आणि आपण निशाणधारकच राहिलो, हे ज्याला सलते आहे, त्याला ही शाबासकी कशी लागत असेल, याचा विचार जरूर करावा. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ‘कॅसिओ ऑनेस्ट नाही का?’ असे ऑथेल्लो विचारतो, तेव्हा इयागो उत्तर न देता ‘ऑनेस्ट, महाराज?’ एवढेच म्हणतो. तिथे प्रश्न पुरुषाच्या सचोटीचा आहे. पण थोड्याच वेळाने ऑथेल्लो आपली पत्नी डेस्डिमोना हिच्याविषयी तोच शब्द वापरतो, आणि आता तो तिच्या शीलाबद्दल बोलत असतो. इयागोने पेरलेला संशय एका अर्थावरून दुसऱ्यावर सरकतो, शब्द मात्र तोच राहतो. म्हणूनच, पत्नीला मारल्यानंतर ऑथेल्लो एमिलियाला ‘तुझा नवरा, ऑनेस्ट, ऑनेस्ट इयागो’ असे सांगतो, तेव्हा मराठीत ‘प्रामाणिक’ पुरेसा वाटत नाही. मी तिथे ‘सच्चा’ म्हणेन.