गोकुळ शिरगावात भाड्याचा गाळा, दोन मशिनं: असोसिएशनचं सभासदत्व घ्यावं का?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाळा भाड्याचा, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशिन) आणि एक सीएनसी (संगणकावर चालणारं लेथ), दोन फौंड्र्यांच्या, म्हणजे ओतकाम कारखान्यांच्या, कास्टिंगचं मशिनिंग जॉबवर्कवर, म्हणजे माल त्यांचा आणि मजुरी आपली. बिलं नव्वद-नव्वद दिवस अडकतात. अशात कोल्हापूरजवळच्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या असोसिएशनचा माणूस अर्ज ठेवून गेलाय, आणि एका मित्रानं दर आठवड्याला सकाळी भेटून एकमेकांना गिऱ्हाईक देणाऱ्या क्लबात बोलावलंय. सभासद झालो तर काम वाढेल का आणि पैसे लवकर सुटतील का, हे तुम्हाला हवंय.

या दोन्हींसाठी घेणार असाल तर घेऊ नका. जॉबवर्कचं काम रेट, रिजेक्शन आणि वेळेवर डिलिव्हरी यांवर मिळतं. कार्यकारिणीत ओळख असली की फार तर चहा मिळतो आणि एखादी चौकशी येते. पण वीज, रस्ता, पाणी आणि कर यांच्यासाठी घ्या. माझं मत विचाराल तर घ्याच.

पैशाचं आधी सांगतो, कारण तिथंच नव्या माणसाची समजूत चुकते. असोसिएशन म्हणजे आपल्यासारख्या छोट्यांची एकी, असं आपण धरून चालतो. पण उत्पादकांच्या संघटनेत दोन मशिनवाला सभासद असतो आणि महिन्याला शेकडो टन ओतणारी फौंड्रीही सभासद असते. विजेचा दर वाढला की दोघंही एकाच बाजूला. बिलाचे पैसे थकले की एक देणेकरी, दुसरा घेणेकरी, आणि बहुतेक वेळा कार्यकारिणीत देणेकरी बसलेला असतो. त्यात कुणाची लबाडी नाही. मोठ्या कारखान्याला मीटिंगला पाठवायला माणूस असतो. तुम्ही मात्र दुपारी चार वाजता मशिनवर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घालत असता. म्हणून अर्ज भरण्याआधी एक काम करा. असोसिएशनच्या ऑफिसात पदाधिकाऱ्यांच्या नावांचा बोर्ड असतो, त्यापुढं पाच मिनिटं उभं राहा. तुमच्या दोन पार्ट्यांपैकी, म्हणजे त्या फौंड्र्यांपैकी, कुणाचं नाव त्यावर असेल, तर थकबाकीचा विषय तिथं निघणार नाही हे धरून चाला.

पैशाचं औषध दुसरीकडं आहे आणि त्याला सभासदत्वाची पावती लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी ऑनलाइन नोंदणी, फुकट आहे, घरबसल्या होते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार तुमच्यासारख्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडं अर्ज ऑनलाइन होतो, आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला तर आव्हान द्यायला पार्टीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आता कौन्सिलकडं गेलात की ती पार्टी गेली, हे मलाही कळतं. म्हणून रोजच्या व्यवहारात जास्त चालते ती आयकराची तरतूद, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच). २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून असं झालंय, की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला खर्चात धरता येत नाही. तेव्हा प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्सला मेल करून ठेवा. मार्च जवळ आला की त्यांचा सीए स्वतःच तुमचं बिल शोधत बसतो. एवढं मात्र पाळा, की नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. भांडण लागल्यावर काढलेल्या नोंदणीच्या भरवशावर राहू नका.

आता असोसिएशन कुठं कामाला येते ते. आमच्या ओळीत नवीन गाळे उभे राहिले तसा एका फीडरवरचा, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनवरचा, भार वाढला आणि संध्याकाळी व्होल्टेज पडायला लागलं. स्पिंडल चालू असताना ड्राइव्हला अलार्म, जॉब अर्धवट, टूल तुटलेलं. माझ्या एकट्याच्या तक्रारीला फक्त नंबर मिळायचा. मग असोसिएशनच्या ऑफिसातल्या मॅनेजरनं आमच्या ओळीतल्या सगळ्यांना एक कोरा तक्ता दिला. तारीख, वेळ, तिन्ही फेजचं व्होल्टेज, कुठलं मशिन बंद पडलं, एवढंच लिहायचं. आठवडाभरानं सगळे तक्ते एकत्र लावले तर पडण्याच्या वेळा सगळ्यांच्या जुळत होत्या. ते कागद घेऊन अध्यक्ष आणि मॅनेजर महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यापुढं बसले आणि फीडरवरचा भार विभागला गेला. यात भाषणबाजी काही नव्हती. कुणाला भेटायचं आणि भेटताना हातात काय असायला हवं, हे त्या मॅनेजरला माहीत होतं. तुमची वर्गणी त्या माणसाच्या पगारासाठी असते असं समजा.

वीज दरवाढीचंही तसंच. महावितरणचा दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. हरकत कुणालाही घेता येते, पण तो शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून आकडे मांडणार कोण? आणि एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक संस्था कर, आठवतोय ना? २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, रेटा सोडला नाही, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांचा एलबीटी गेला. सगळ्यांचं दुखणं एकच होतं म्हणून ते जमलं.

कुठली संघटना, हे तुमच्याबाबत सोपं आहे. शिरोलीवाल्यांना स्मॅक, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतवाल्यांना मॅक, उद्यमनगरकडं कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, तशी तुमच्याकडं गोशिमा, म्हणजे गोकुळ शिरगाव मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. घरफाळा, परवाने, बाजारपेठेचे प्रश्न असतील तर कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स, पण तुमचा गाळा महापालिकेच्या हद्दीबाहेर, तेव्हा आज त्याची घाई नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर आहे. तिथल्या तांत्रिक व्याख्यानांना जाऊन बसा. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधली हवेची पोकळी, कुणाच्या खात्यात, ओतणाऱ्याच्या की मशिनिंगवाल्याच्या, हा वाद तुमचा रोजचाच असणार, आणि त्यात दोन शब्द नेमके बोलता आले तर डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, कमी येतात.

सकाळच्या क्लबाचं म्हणाल तर इंटिरिअरवाला, विमा एजंट, कॅटरर यांना तो फळतो. फौंड्रीचा परचेसवाला तिथं येत नाही. सोडा.

पुढं स्वतः माल परदेशी पाठवायचं डोक्यात असेल तर गणित बदलतं. मालाच्या मूळ देशाचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, चेंबरकडूनही मिळतो. आणि परराष्ट्र व्यापार धोरणातल्या सवलती घ्यायच्या तर निर्यात प्रोत्साहन परिषदेची नोंदणी लागते. इंजिनिअरिंग मालासाठी ती ईईपीसी इंडिया. ती त्या वेळी बघू.

वर्गणीत प्रवेश फी एकदाच आणि वार्षिक वेगळी असते. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरा. क्लब-संघटना सभासदांकडून घेतलेल्या पैशावरही तो साधारणपणे लावतात. पावतीवर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या म्हणजे क्रेडिट घेता येईल. आजीव सभासदत्वाच्या नादी पहिल्याच वर्षी लागू नका. गाळा भाड्याचा आहे, उद्या शिरोलीला हलावं लागलं तर ते पैसे इथंच राहतील.

भाडेकरूला मतदानाचा हक्क मिळतो की नुसता सहयोगी सभासद करतात, हेही आधी विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी प्लॉटमालकाचंच नाव सभासद म्हणून चढलेलं असतं. तुमचा मालक आधीच सभासद असेल तर कदाचित त्याचं पत्र लागेल. शिवाय गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागा, देतात. त्यात मुख्यमंत्र्यांबरोबरचे फोटो किती यापेक्षा कुठल्या खात्याला कुठलं पत्र गेलं आणि त्याचं पुढं काय झालं, हे लिहिलंय का बघा. आणि ऑफिसातल्या त्या मॅनेजरला तुमची आजची एखादी खरी अडचण सांगा, समजा गाळ्यापुढच्या गटाराची. त्यानं लगेच एखाद्या अभियंत्याला फोन लावला तर अर्ज तिथंच भरून टाका. "साहेबांशी बोलून सांगतो" म्हणाला तर शेजारच्या दोन गाळेवाल्यांना विचारून मग ठरवा.