चेंडू भिंतीत थरथरतोय? चिन्ह बघ

अरे, तू बनवतोयस त्या चेंडू-बॅटच्या कॉम्प्युटर गेममध्ये चेंडू उसळवायला कोनांच्या नादी लागू नकोस. चेंडूची दिशा म्हणजे दोन आकडे: आडवा वेग आणि उभा वेग. बाजूच्या भिंतीला लागला की आडव्याचं चिन्ह (अधिक-उणे) उलटं, वर-खाली लागला की उभ्याचं. बस.

तुझा चेंडू थरथरतो कारण तो भिंतीत घुसलेला असतो. पुढच्या फ्रेमलाही (स्क्रीनवरचं पुढचं चित्र) तो आतच, म्हणून चिन्ह परत उलटतं, मग परत. (माझा अख्खा रविवार यात गेला होता.) उजवीकडे जात असेल तरच उजव्या भिंतीशी उलटव, आणि आधी त्याला भिंतीच्या कडेवर आणून ठेव.

बॅटवर मात्र नुसतं चिन्ह उलटवलंस तर खेळ अळणी होतो. १९७२ च्या 'पाँग' या व्हिडिओ गेममध्ये बॅटचे आठ भाग केले होते: मध्याजवळ लागला तर चेंडू सरळ, टोकाला लागला तर तिरका. तसंच कर. फक्त एकूण वेग सांभाळ. आडवा ५, उभा ५ दिलास तर चेंडू ५ ने नाही, ७.०७ ने पळतो, शाळेतला पायथागोरस. म्हणून दोन्ही आकड्यांना एकूण वेगाने भागून हव्या त्या वेगाने गुणून घे.

आणि हो, स्क्रीनवर 'वाय' (उभ्या दिशेतली जागा सांगणारा आकडा) बहुधा खालच्या दिशेने वाढतो. वर जायला उभा वेग उणे.