टाइप पाहून इफ-एल्स लिहून राहिला असशील तर आधी हे वाच

भाऊ, तुझा मालाच्या बिलिंगचा जावा कोड पाहिला. संत्रा असेल तर डझनाचा हिशोब, मिरची असेल तर किलोचा, असं इन्स्टन्सऑफ (वस्तू कोणत्या टाइपची ते तपासणारा ऑपरेटर) लावून चार फाइलींत तेच इफ-एल्स लिहून राहिला ना तू. मी पण नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका अडत्याचं बिलिंग असंच केलं होतं, मग मोसंबी आली, तीन जागी टाकली, चौथी राहिली अन् शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, रक्कम शून्य! फार वाईट वाटलं तेव्हा.

तर पहिले एक इंटरफेस (क्लासमध्ये कोणत्या मेथड हव्या ते सांगणारा साचा) कर, त्यात रक्कम काढायची मेथड, प्रत्येक क्लास आपला हिशोब आपणच करेल, लूपला माल कोणता ते माहीतच नको. नवीन माल येत राहणार असेल तर एवढं पुरे.

पण माल ठरलेला अन् कामंच वाढून राहिली, आज पट्टी, उद्या हमाली, परवा रिपोर्ट, तर व्हिजिटर पॅटर्न बघ, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा क्लास अन् त्यात प्रत्येक टाइपसाठी एक मेथड. वस्तूच्या अ‍ॅक्सेप्ट मेथडमधून व्हिजिटरला धिस (म्हणजे ती वस्तू स्वतः) पाठवायचा, वस्तू अन् व्हिजिटर दोघांच्या टाइपवरून योग्य मेथड आपोआप धरली जाते, यालाच डबल डिस्पॅच म्हणतात. मात्र नवा टाइप आला की सगळे व्हिजिटर उघडावे लागतात.

जावा 21 किंवा त्याच्या पुढचं असेल तर सील्ड इंटरफेस (ज्याचे क्लास कोणते ते आधीच ठरवून टाकलेले असतात) अन् टाइपवर चालणारा स्विच लाव, त्यात डिफॉल्ट नको टाकू, टाइप सुटला की कंपाइलरच अडवतो.