अंदमानच्या आधी घणसोली

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

अंदमानात जाऊन मरणपंथाला लागलेल्या भाषांवर काम करायचंय, असं तू लिहिलंस. जरूर जा. पण आधी घणसोलीच्या गावठाणात, तुझ्या आजीच्या ओटीवर बस.

अंदमानातली ‘बो’ बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी गेली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचं बोलणं नोंदवलं, म्हणून ते आज ऐकता तरी येतं. पण तिला ‘बो’त उलट उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं. इतरांशी ती अंदमानी हिंदीत बोलायची. तुर्कस्तानातल्या उबिखचं तेच झालं. ८०हून जास्त व्यंजनं असलेली ती भाषा १९९२ मध्ये तेवफिक एसेंच यांच्याबरोबर संपली. अभ्यासक वर्षानुवर्षं त्यांच्यापाशी बसले होते. एकट्याला गोष्ट सांगता येते रे, भांडायला दुसरा लागतो.

तुझी आगरी बोली अजून बाजारात भाव करते, नळावर भांडते. तेच टिपून ठेव. धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, रेकॉर्ड करायला लग्नात सगळेच मोबाईल काढतात, तू त्या गर्दीत शिरू नकोस. आजी आणि तिची मैत्रीण मिठागराच्या गोष्टी काढतील तेव्हा विचारून, पंखा बंद करून, फोन दोघींच्या मध्ये ठेव. ‘याला काय म्हणतात’ विचारलंस की त्या लगेच शाळेतलं मराठी बोलायला लागतील. त्यापेक्षा भरतीच्या उधाण-भांगाचा हिशेब कसा ठेवायच्या, खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटला की कोण धावायचं, ते विचार. फाईलवर तारीख, गाव, नावं घाल. एक कॉपी त्यांच्याच घरी ठेव.

सरकारी आकड्यांवर विसंबू नकोस. १९७१ पासून जनगणनेत १०,००० पेक्षा कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखवतच नाहीत.

अर्थात, नुसत्या रेकॉर्डिंगने भाषा जगत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ पासून ‘कोहंगा रेओ’ बालवाड्या काढल्या. तिथे मोठी माणसं पोरांशी माओरीतच बोलतात. तुझ्या पुतणीच्या इंग्रजी शाळेला माझी हरकत नाही. पण तिच्यासमोर आजीला ‘नीट बोला’ म्हणणारं घरात कोण आहे, ते बघ आणि त्याची समजूत काढ. अंदमानच्या परवानग्या मिळवण्यापेक्षा ते जड जाईल.

पहिली फाईल झाली की ठाण्याला ये. रविवारी मी घरीच असतो.

तुझा,
सर