परदेशात राहून आपल्या आवडत्या बेसबॉल संघाचे प्लेऑफ सामने कसे पाहता?

तुम्ही विचारलंय की कामासाठी देश बदलला, आता ऑक्टोबरचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे, सामने थेट बघायचे की उठल्यावर निकाल वाचून समाधान मानायचं. माझं स्पष्ट मत: थेटच. आणि जमलं तर बघू नका, ऐका.

मी सहा वर्षं शिकागोत होतो, कब्स संघाच्या रिगली फील्ड मैदानापासून चालत दहा मिनिटांवर. 2014 ला पुण्यात परतलो आणि दोनच वर्षांनी कब्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे प्लेऑफच्या अंतिम मालिकेला, पोचले, 1945 नंतर पहिल्यांदा. जिंकले होते ते 1908 साली.

वेळेचं गणित सोपं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेसहा.

त्या वर्षी बरेच सामने आमच्या सणांवरच आले. दसऱ्याच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत तेराव्या इनिंगला हरलो. दुसऱ्या दिवशी 5-2 ने मागे असताना नवव्या इनिंगला चार रन काढून मालिकाच जिंकली. पुढे वर्ल्ड सिरीजला समोर क्लीव्हलंड. नरकचतुर्दशीला आई डोक्याला तेल लावत होती आणि माझ्या एका कानात इअरफोन. "ते काढ आधी, तेल जाईल त्यात," म्हणाली. काढला नाही. 1-0 ने हरलो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी 7-2. मालिकेत 3-1 ने मागे. पाडव्याला मात्र 3-2 ने जिंकलो, आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी 9-3.

सातवा सामना 3 नोव्हेंबरला, गुरुवारी. ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली. लॅपटॉपवर चित्र लावलं होतं, आणि तिथेच चुकलं. आठव्या इनिंगला आम्ही 6-4 ने पुढे. शिकागोतल्या नागपूरकर मित्राचा मेसेज आला: "गेला रे." माझ्या पडद्यावर आमचा पिचर चॅपमन अजून चेंडू हातात धरून उभा होता. क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसचा बरोबरी साधणारा होम रन मी नंतर बघितला, आधीच कळलेला. इंटरनेटवरचं चित्र मागे असतं, हे कायम लक्षात ठेवा. फोन पालथा घाला, सूचना बंद करा, आणि मित्राला सांगा की सामना संपल्याशिवाय एक अक्षर पाठवू नकोस.

मी लॅपटॉप मिटला आणि पॅट ह्यूज यांचं रेडिओ समालोचन लावलं. मेजर लीग बेसबॉलच्या अ‍ॅपवर नुसतं समालोचन ऐकायची वेगळी, स्वस्त वर्गणी असते. रेडिओमुळे हात मोकळे राहतात, म्हणून वही घेऊन स्कोअर लिहा. मला ते शिकागोच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं होतं. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद: तिसऱ्याला बॅट फिरवून चेंडू हुकला तर सरळ के, तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला तर उलटा के. लिहायला लागलं की प्रत्येक चेंडू आपला होतो, मग आपण पुण्यात असू नाहीतर कुठेही.

नऊ इनिंग संपल्या, 6-6. पाऊस आला आणि खेळ 17 मिनिटं थांबला. आईने पोह्यांची बशी वहीशेजारी ठेवली आणि काही न विचारता समोर बसून राहिली. दहाव्या इनिंगला आमच्या झोब्रिस्टचा डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मग माँटेरोचा सिंगल, 8-6. क्लीव्हलंडने एक रन फेडला. सव्वादहाच्या सुमारास ब्रायंटने घरंगळत आलेला चेंडू उचलून रिझोकडे फेकला आणि ह्यूज यांच्या आवाजामागे सगळं मैदान ओरडायला लागलं. मी वहीत 5-3 लिहिलं. स्कोअर लिहिताना तिसऱ्या बेसवरचा खेळाडू 5, पहिल्या बेसवरचा 3. शेवटचा आउट.

आजोबा 2013 मध्येच गेले होते. त्या दिवसांत लोक रिगलीच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते. मी मित्राला फोन करून त्यांचं नाव लिहायला सांगितलं. संध्याकाळी फोटो आला. निळ्या खडूने, इतर नावांच्या मधे, त्याने ते देवनागरीत लिहिलं होतं.