गाड्या चालू ठेवूनच तारा बदलायच्या

अगं, तुझा मेसेज आला तेव्हा लोकलमध्ये उभा होतो म्हणून नुसता अंगठा टाकला, आता घरी बसून नीट लिहितोय. तुमच्या जुन्या बिलिंगच्या कोडमध्ये आठशे ओळींचं एक फंक्शन (एक काम करणारा कोडचा तुकडा), त्यातच बिलाचा हिशोब, त्यातच डेटाबेस, त्यातच ईमेल, आणि तू उद्या मॅनेजरला सांगणारेस की दोन महिने द्या, सगळं नव्याने लिहिते. नको सांगूस.

मीही हे केलंय. एका कंपनीत बिलिंगच्या कोडमध्ये मला टॅक्स प्रत्येक ओळीवर वेगळा राउंड केलेला दिसला, मला वाटलं कुणीतरी उगाच लूपमध्ये घातलंय, मी बेरीज करून शेवटी एकदाच राउंड केला, कोड काय सुंदर दिसत होता. आता बघ, तीन ओळी, प्रत्येकी ४.५०४ रुपये टॅक्स. ओळीगणिक राउंड केलास तर १३.५०, शेवटी केलास तर १३.५१. एक पैसा! पण ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्यांचा हिशोब आमच्या बिलांशी जुळेना आणि ते शोधायला तीन रात्री गेल्या. जुन्या कोडमधली विचित्र ओळ बऱ्याचदा कुणाच्या तरी अशाच तीन रात्रींमधून आलेली असते, आणि नव्याने लिहिताना आधी तीच गळते.

म्हणून पहिलं काम, कोडला हात न लावता, मागच्या महिन्याची हजारेक खरी बिलं घे (ग्राहकांची नावं, नंबर काढून टाक हां), ती या फंक्शनमधून चालव आणि जे आउटपुट येईल ते जसंच्या तसं फाईलमध्ये ठेव, ईमेल मात्र आधी बंद कर नाहीतर हजार लोकांना बिलं परत जातील. आउटपुट बरोबर आहे का हे आत्ता बघायचं नाही. चुकीचं दिसलं तर वेगळं तिकीट (कामाची नोंद) टाक, पण इथे दुरुस्त करू नकोस. आपल्याला फक्त आज हा कोड काय करतो ते धरून ठेवायचंय.

मग एका व्हेरिएबलचं नाव बदल, बिलं परत चालव, फाईल जुळली, कमिट (म्हणजे तो बदल गिटमध्ये, कोडच्या इतिहासात, नोंदव). वीस ओळी उचलून वेगळं फंक्शन कर, चालव, जुळली, कमिट. इतकं बारीक की कंटाळा आला पाहिजे. आणि कोडची नुसती मांडणी बदलणारं कमिट आणि वागणं बदलणारं कमिट कधीच एकत्र करू नकोस, कारण पुढे काही फुटलं आणि गिट बायसेक्टने (कुठल्या कमिटपासून बिघडलं ते शोधून देणारी गिटची सोय) शोधायला बसलीस तर नेमकं एक छोटं कमिट हाती लागतं, दोन हजार ओळींचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकांची यादी) नाही.

मोठा तुकडाच बदलायचा असेल तर आपल्या लोकलचं बघ. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि नंतर सगळं २५,००० व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं. त्यासाठी मुंबई दोन महिने बंद ठेवली का कुणी? दोन्ही करंटवर चालणारे रेक, म्हणजे अख्ख्या गाड्या, आणले, मग एकेक सेक्शन बदलत गेले, पश्चिम रेल्वेचं २०१२ मध्ये संपलं, हार्बरचं २०१६ मध्ये, आणि लोक रोज कामावर जातच होते. तुझा तो रेक म्हणजे मधे एक छोटं फंक्शन, बाकीचा कोड त्यालाच हाक मारेल आणि आत जुना हिशोब की नवा ते तू बिलाच्या प्रकाराप्रमाणे ठरवशील. सगळे प्रकार नव्यावर गेले की जुना काढून टाक, हे विसरू नकोस, दोन्ही तसेच राहिले तर आधीपेक्षा जास्त पसारा होतो.

आणि ते रिपोर्टचं मॉड्यूल, जे तीन वर्षं कुणी उघडलेलं नाही, ते कितीही घाण दिसलं तरी राहू दे. पुढचं तिकीट जिथे आहे तिथलंच आवर, आणि तो वेळ त्या तिकिटाच्या एस्टिमेटमध्येच धर.

सोमवारपर्यंत बिलांची फाईल झाली की दाखव मला. रद्द झालेली आणि परताव्याची बिलं त्यात आलीयत ना ते आपण दोघं बसून बघू, तीच नेहमी सुटतात.