वलय पिवळंच आहे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॉडेलसाठी तू पाठवलेला स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, फोटो भिंगाखाली तीनदा पाहिला. राउंडेलचं, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेचं, बाहेरचं रुंद वलय जवळजवळ काळं दिसतंय, तेव्हा ते काळंच रंगवायचं का, असं तू विचारलंस. ब्रश खाली ठेव. ते वलय पिवळंच आहे.

त्या काळचे बरेच कृष्णधवल फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर काढलेले. या फिल्मला लाल रंग कळतच नाही, पिवळा फार कमी कळतो आणि निळा मात्र भरपूर. म्हणून पिवळं नि लाल गडद उमटतं, निळं फिकट. सगळे रंग कळणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच पिवळं वलय उजळ येतं. मीसुद्धा पूर्वी यात फसलो होतो. हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या एका मॉडेलची वलयं मी गडद रंगवली आणि पुढे सगळी खरवडून काढली. राउंडेलमध्ये कोणते रंग आहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, त्याचा उपयोग कर. मधला लाल जास्त गडद आहे की निळा, ते पाहा. आधी फिल्म ओळखायची, रंगाचं नंतर बघू.

मग तारीख. इथे मी फार हट्टी आहे. ‘स्पिटफायरचा रंग कोणता’ या प्रश्नाला उत्तरच नाही; ‘हे विमान, या महिन्यात’ असं विचारलंस तर आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांवरचा डार्क अर्थ हा तपकिरी रंग गेला आणि ओशन ग्रे हा करडा रंग आला. तो तयार मिळेना तेव्हा सात भाग मीडियम सी ग्रे या दुसऱ्या करड्या रंगामध्ये एक भाग काळा मिसळायची सूचना होती. असं मिश्रण हातागणिक थोडं बदलणारच, त्यामुळे तिथे एकच ‘अचूक’ छटा शोधत बसू नकोस. अमेरिकन विमानांचंही तसंच: त्यांच्या राष्ट्रीय खुणेच्या ताऱ्यातला लाल ठिपका १९४२ मध्ये पुसला गेला, १९४३ च्या मध्याला बाजूच्या पट्ट्या आणि लाल काठ आला, आणि तो काठ त्याच वर्षी निळा झाला. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईसाठी विमानांवर आलेले काळे-पांढरे पट्टे तर घाईघाईत, कित्येकदा ब्रशने ओढलेले. त्यांच्या कडा मास्किंग टेपने सरळ केल्यास तर तेच चुकीचं ठरेल.

डेकल शीटवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या खुणांच्या कागदावर, छापलेल्या फेडरल स्टँडर्ड या अमेरिकी रंगमानकाच्या नंबरांवर विसंबू नकोस. ते मानक १९५६ चं आहे, युद्धात ते नव्हतंच. तो फक्त जवळचा रंग. संग्रहालयातलं विमानही किती वेळा रंगवलं गेलंय ते आधी विचार. त्यापेक्षा लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या स्क्वाड्रनच्या (हवाई तुकडीच्या) नोंदवह्या पाहा. कोणत्या दिवशी कोण कोणत्या सीरियल नंबरचं विमान घेऊन उडालं, हे त्यांत बऱ्याचदा सापडतं. धडावर रंगवलेलं, त्या विमानाचं कोड अक्षर मात्र सहसा नसतं. ते आणि सीरियल नंबर जोडून देणारा पुरावा म्हणजे फोटोच.

आता तुझ्या फोटोकडे पुन्हा वळ. शेपटीच्या पुढे धडाभोवती एक फिकट पट्टा आहे का? हा स्काय नावाच्या फिकट हिरवट रंगाचा पट्टा नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आला. पिवळं वलय धडावर १९४० च्या मे महिन्यात आलं आणि १९४२ च्या मध्याला बारीक झालं. तुझ्या फोटोतलं वलय रुंद आहे, म्हणजे एवढ्यावरच काळ दोनेक वर्षांत बांधला जातो. पट्टा नसेल तर तो बहुधा १९४० चाच फोटो, आणि वर डार्क अर्थच लावायचा. शेपटीचा भाग मोठा करून पाठव, सीरियल नंबर वाचता येतो का ते दोघं मिळून बघू.

तुझा,
काका